पाठीवर एकशे सदतीस कुलुपं

मित्रांनो, माझ्याकडे पाहून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, ज्याच्या माथ्यावर कागद धरायचा चिमटा असतो, तेच. माझा एक कोपरा पाण्याने फुगला आहे, चिमट्याला गंज चढला आहे आणि पाठ निळ्या शाईने भरून गेली आहे. नवी, गुळगुळीत, चित्रांची पॅडं मला पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मारोत बापडी! त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. माझ्या पाठीवरचं वाचून मोठ्या माणसांच्या एका समितीला आपला बेत बदलावा लागला होता. ती हकिकत आधी ऐका, मग हसायचं तेवढं हसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडाच्या ढलप्या पाण्यात शिजवतात, त्यांचा लगदा करतात आणि तो तापलेल्या यंत्रात दाबतात. मला दाबलं तेव्हा कसं वाटलं ते विचारूच नका. मग चिमटा बसवला. तपासणाऱ्या बाईंनी तो दोनदा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाल्या, "हं, हे चांगलं चावतं." आयुष्यातली ती पहिली शाबासकी होती. तेव्हापासून मी जरा शिष्टच झालो.

दुकानात मात्र माझ्या शिष्टपणाला कुणी विचारेना. माझ्यावर ना मोटारगाडी, ना परी, ना अस्वल. मुलं यायची आणि चित्रांची पॅडं घेऊन जायची. शेवटी एकदा किल्ल्या बनवणारे एक गृहस्थ आले. कोपऱ्यावरच्या चौकात त्यांची टपरी होती. त्यांनी माझा चिमटा अंगठ्याने दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. "चित्र काय, चार दिवसांत खरवडून जातं," ते दुकानदाराला म्हणाले, "माणसानं स्प्रिंग बघावी." आणि मी त्यांच्या लेकीच्या दप्तरात जाऊन पडलो.

त्या लेकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच होतं. घरीदारी सगळे तिला 'किती' म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून तिचा एकच प्रश्न असे, किती? जिन्याला पायऱ्या किती, बाबांच्या खोक्यात किल्ल्या किती, आईच्या डोक्यात पांढरे केस किती. या शेवटच्या प्रश्नाला उत्तराऐवजी धपाटा मिळाला होता. आई चपलांच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या पायाशी बसून थकून यायची. पण धपाटा घालताना हसायची.

कितीने मला पहिल्या दिवशीच एक नियम सांगितला, पॅडवर एक अक्षरही लिहायचं नाही. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक येऊन आम्हाला उलटंपालटं करून बघत. ज्याच्या पाठीवर साधा पाढा सापडे, त्या मुलाची धडगत नसे. मला उलटवलं की मात्र पर्यवेक्षकांचा चेहरा निवळायचा. शाळा झाली, कॉलेज झालं, माझी पाठ आरशासारखी लखलखीत राहिली. मित्रांनो, त्या लखलखाटाचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू!

किती पदवीधर झाली ती 'सामाजिक धोरण' या विषयात. घरात आनंदीआनंद झाला, पण विषय काय आहे ते कुणालाच सांगता येईना. टपरीवर गिऱ्हाइकांनी विचारलं, की बाबा किल्ली घासता घासता ऐटीत सांगत, "सामाजिक धोरण." पुढचा प्रश्न ठरलेला असे, "म्हणजे?"

"म्हणजे असं बघा, कुणाला कशाची गरज आहे ते मोजायचं आणि सरकारला सांगायचं."

"मग मला काय मिळणार?"

"तुम्हाला किल्ली मिळणार, उद्या संध्याकाळी. पुढचं बोला."

नोकरीचा अर्ज कितीने माझ्यावरच कागद लावून लिहिला. कौशल्ये या मथळ्याखाली तिने लिहिलं, प्रश्नावली तयार करणे, मुलाखती घेणे, आकडेवारीचे विश्लेषण. अनुभव या मथळ्याखाली एवढंच होतं, की दोन उन्हाळे एका वाचनालयात येणारी-जाणारी माणसं मोजली. आणि आवडीच्या रकान्यात लिहिलं, संख्यात्मक संशोधन. बाबांनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाले, "अगं, आवडीच्या जागी गाणंबिणं काहीतरी लिही. आकड्यांची आवड आहे म्हटलं तर घाबरतील ते."

घाबरले नाहीत. नगरपालिकेच्या पाहणी विभागात मुलाखत झाली, तेव्हा मी कितीच्या मांडीवर होतो. समोर विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या. कुठलाही आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे दशांशबाई म्हणे. त्यांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला, "सरासरी म्हणजे काय?"

किती म्हणाली, "माझी आई चपला विकते, मॅडम. दिवसभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या पायांची सरासरी काढून तिनं एकाच मापाची चप्पल ठेवली, तर ती बहुतेक कुणालाच होणार नाही. सरासरी खरी असते, पण ती घालून चालता येत नाही."

दशांशबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. सहा महिन्यांनी काम पाहून पुढचं ठरणार होतं.

पहिलंच काम मोठं निघालं. बाजारामागच्या गल्ल्यांत नगरपालिकेचं एक पाळणाघर होतं. दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी आणि मुलांना सांभाळणाऱ्या एक मावशी. सकाळी दहाला उघडायचं, दुपारी तीनला मिटायचं. पटावर अवघी बावीस मुलं होती. समितीतल्या काही जणांचं म्हणणं पडलं, की बावीस मुलांसाठी दोन खोल्या कशाला अडवायच्या, तिथे जुन्या फायली ठेवता येतील. तेव्हा आधी पाहणी करावी, पाळणाघराची गरज किती घरांना आहे ते मोजावं, आणि मग बंद करायचं की नाही ते ठरवावं. चारशे घरांची यादी कितीच्या हाती आली.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. रोज दहा ते चार आम्ही दारोदार हिंडलो. किती खांद्याला निळी पिशवी लावायची आणि मला मुद्दाम खाली धरायची, म्हणजे आपण काय लिहितो आहोत ते समोरच्याला दिसावं. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. एका आजोबांना तिने विचारलं, "घरात माणसं किती?"

"साडेपाच," आजोबा म्हणाले.

"अर्धं माणूस कोण?"

"जावई. अर्धा महिना इथंच पडीक असतो."

आतून जावयाचा आवाज आला, "मग सहाच लिहा, जेवायला मी पुरा असतो!" किती इतकी हसली, की माझ्यावरचे कागद विस्कटले. तिने शेवटी सहा लिहिलं.

पण याच दिवसांत माझ्यावर संकट कोसळलं. यादीतली पुष्कळ घरं बंद निघायची. त्याबद्दल कार्यालयाच्या सूचनापत्रात छापील नियम होता, 'घर बंद असल्यास शेजारच्या घरी जावे.' किती नियमाप्रमाणे शेजारी जायची आणि तिथलं उत्तर लिहायची. पण एखादी गोष्ट पाहिली आणि मोजली नाही, तर तिला अन्न गोड लागत नसे. फॉर्मवर बंद घरांसाठी रकाना नव्हता. तेव्हा या पोरीने काय करावं? तिने मला सरळ उलटवलं आणि माझ्या लखलखीत पाठीवर लिहिलं, 'गल्ली तीन, घर चौदा, कुलूप.' इतक्या वर्षांचा नियम तिनेच मोडला! मी चिमटा करकरवून निषेध नोंदवला, पण ऐकतो कोण? रोज दोन-चार कुलुपं माझ्या पाठीवर लटकू लागली. मला तर तोंड, म्हणजे पाठ, दाखवायची सोय उरली नाही.

चारशे फॉर्म भरून झाले. किती संगणकासमोर बसली, आकडे भरले, तपासले, तक्ते काढले. चारशेपैकी छत्तीस घरांना पाळणाघर हवं होतं. दशांशबाईंनी कागद उजेडात धरला. "नऊ पूर्णांक शून्य शून्य टक्के," त्या म्हणाल्या, "इतका स्वच्छ आकडा कितीक वर्षांत पाहिला नाही." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळच झालं. शंभरात फक्त नऊ घरं! पुढच्या शुक्रवारी समितीची बैठक होती. बाईंनी आकडा अध्यक्षांना आधीच कळवला; बैठकीत तो मांडला, की पाळणाघराला टाळं लागणार हे उघड होतं. कितीलाही वाईट वाटलं, पण ती म्हणाली, आकड्यापुढे आपण काय बोलणार?

त्या शनिवारी संध्याकाळी बाबा टपरी बंद करून घरी आले. चहाचा कप ठेवायला त्यांनी मला जवळ ओढलं, तो मी नेमका पालथा होतो.

"अगं, परीक्षेच्या पॅडवर लिहिलंस?"

"बंद घरं आहेत ती, बाबा. त्यांच्या बदली शेजारची घरं घेतली. नियमच आहे तसा."

बाबांनी चष्मा लावला आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवत वाचू लागले. मध्येच थांबले. "गल्ली सहा, घर नऊ. ही माझीच गिऱ्हाइकं की. तीन किल्ल्या करून नेल्या होत्या बाईंनी. एक नवऱ्याला, एक स्वतःला आणि एक शेजारी ठेवायला. दोघंही सकाळी सातच्या आत बाहेर पडतात." अजून खाली गेले. "हे पण माझं गिऱ्हाईक. हे पण." मग त्यांनी चष्मा काढला. "पोरी, दिवसाढवळ्या घराला कुलूप कोण लावतं?"

"कोण?"

"ज्याला कामाला जावं लागतं तो. म्हणजे मूल सांभाळायला कोणी हवंय का, हे तू घरी बसलेल्या लोकांना विचारत फिरलीस होय?"

कितीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने मला उचललं आणि एकेक ओळ मोजली. एकशे सदतीस. चारशेतली एकशे सदतीस उत्तरं ज्यांनी द्यायची त्यांची नव्हतीच. त्यांच्या जागी शेजारी बोलले होते. आई म्हणाली, "अगं पण नियम कार्यालयाचा आहे ना? तू कशाला अंगावर घेतेस? नेमणूक सहा महिन्यांचीच आहे तुझी." आईचंही खोटं नव्हतं. प्रमुखांची चूक काढणाऱ्या नवख्या मुलीला पुढे कोण ठेवून घेणार? कितीने 'गल्ली सहा, घर नऊ' या ओळीखाली रेघ ओढली. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच आम्ही गल्ली सहामधल्या नवव्या घरी गेलो. कुलूप नव्हतं. दार एका बाईने उघडलं. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरी धुवायच्या कामाला होती. तिच्या मागून चार वर्षांची एक मुलगी डोकावली आणि ओरडली, "आई, हीच ती! निळ्या पिशवीची!"

"तुम्ही मागच्या महिन्यात आला होता ना?" बाई म्हणाली, "दुपारी बाराच्या सुमाराला."

"हो. पण तुम्ही घरी नव्हतात."

"मी नव्हते." बाईने मान खाली घातली. "ही होती. शेजारच्या आजी मधूनमधून दार उघडून बघतात हिच्याकडे. पण त्यांना तरी कुठं होतं आता? पाळणाघर दहाला उघडतं. मला साडेसातला हजर व्हावं लागतं. मी काय करू, सांगा तुम्हीच."

मित्रांनो, मला तो दिवस चांगला आठवत होता. दारामागे काहीतरी खुडबुडलं होतं. आम्हाला वाटलं मांजर असेल. कितीने माझ्यावर 'कुलूप' लिहिलं होतं आणि आम्ही शेजारी गेलो होतो. किती त्या उंबऱ्यावरच खाली बसली. मुलीने तिच्या पिशवीचे बंद ओढून पाहिले आणि विचारलं, "आज पण जाणार लगेच?" किती म्हणाली, "नाही गं. आज बसणार आहे." तिने फॉर्म काढला आणि सगळे प्रश्न विचारले.

सोमवारी ती दशांशबाईंसमोर उभी राहिली. मी तिच्या हातात होतो.

"मॅडम, अहवालातला आकडा चुकीचा आहे."

"बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. दारं चुकली."

तिने मला टेबलावर पालथं ठेवलं आणि सगळं सांगितलं, गल्ली सहामधल्या मुलीसकट. दशांशबाईंनी माझ्या पाठीवरच्या सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्या. कितीने मध्ये एकदा बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. शेवटची ओळ झाल्यावर त्या म्हणाल्या, "हा शेजारच्या घराचा नियम कुणी लिहिला, माहीत आहे?"

"नाही मॅडम."

"मी. पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा दिवसा कुठल्याही दारात गेलं तरी घरात कोणी ना कोणी असायचं. नंतर लोकांचे दिवस बदलले, माझा नियम तसाच राहिला." त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता कितीची नोकरी गेली. पण बाईंनी कागद ओढला आणि भागाकार मांडला. "एक घर तू काल केलंस. राहिली एकशे छत्तीस. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, चार दिवस, माणसं दोन."

"दोन कोण?"

"एक तू आणि एक मी. रोज प्रत्येकी सतरा घरं. बरोब्बर भाग जातो बघ! याला म्हणतात शुभशकुन."

मग काय विचारता! दशांशबाई कापडी बूट घालून आल्या. चार संध्याकाळी आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. दिवेलागणीला तीच दारं सताड उघडी होती. कुणी बेकरीतून आलेलं, कुणी रिक्षा लावून पाय धूत बसलेलं, कुणी कापडाच्या कारखान्यातून. दशांशबाई पहिल्या दिवशी फार कडक आवाजात प्रश्न विचारत होत्या. एका घरात पोराने भोकाड पसरलं, तेव्हा कितीने त्यांना हळूच शिकवलं, "मॅडम, आधी बसायचं, मग विचारायचं." तिसऱ्या दिवशी बाई स्वतःहून चहा मागून घेऊ लागल्या. एकशे सदतीसपैकी एकशे एकवीस घरं भेटली. त्यांतल्या अडुसष्ट घरांना पाळणाघर हवं होतं आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं, सकाळी सातला उघडा.

शुक्रवारी समितीपुढे नवा आकडा गेला. शेजाऱ्यांची उत्तरं काढून टाकली, खऱ्या घरांची घातली. तीनशे चौऱ्याऐंशी घरांत ब्याण्णव.

"आठवड्यापूर्वी तुम्ही आम्हाला नऊ टक्के सांगितलं होतं," अध्यक्ष म्हणाले, "आज चोवीस? आकडे आहेत की रबर?"

"तेवीस पूर्णांक शहाण्णव," दशांशबाईंनी दुरुस्त केलं. मग त्या उभ्या राहिल्या. "आधीचा आकडा माझ्या नियमानं आला होता. चूक माझी आहे. ती हिनं शोधली. आता तिचं ऐका."

कितीने मला अध्यक्षांपुढे पालथं ठेवलं. लखलखीत टेबलावर माझी ती बरबटलेली पाठ! एके काळी मी लाजेने मेलो असतो. "साहेब," ती म्हणाली, "आपण विचारलं, पाळणाघर कुणाला हवंय. ज्यांना हवं होतं ते तेव्हा कामावर होते. पटावर मुलं बावीस आहेत, कारण दहा वाजता मूल आणून सोडायला मोकळं असणाऱ्यांची तेवढीच आहेत. बाकीची इथं आहेत." तिने माझ्यावर बोट ठेवलं. "यातल्या एका कुलुपामागे चार वर्षांची मुलगी होती. मी दाराबाहेर उभी होते आणि पुढे निघून गेले."

अध्यक्षांनी मला हातात घेतलं. ओळी वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी अडलं. "ही गल्ली आमच्या मागचीच," ते पुटपुटले. त्यानंतर फायलींचा विषय कुणी काढला नाही.

पाळणाघर आता सकाळी सात ते संध्याकाळी सात उघडं असतं. पडवी बंदिस्त करून तिसरी खोली झाली, मावशींच्या हाताखाली आणखी दोघीजणी आल्या आणि पटावर चौसष्ट मुलं आहेत. किती पाहणी विभागात कायम झाली. बातमी ऐकून बाबांनी टपरीवर त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला सामाजिक धोरण म्हणजे काय ते न विचारता समजावून सांगितलं. सूचनापत्रावरचा नियमही दशांशबाईंनी स्वतः बदलला, 'घर बंद असल्यास पुन्हा जावे. वेगळ्या वेळी जावे. तरीही बंद असल्यास तिसऱ्यांदा जावे.'

आणि मी? मला मावशींनी कितीकडून मागून घेतलं. पाळणाघराच्या दाराशी खिळ्याला माझी जागा आहे. आईबाप सकाळी माझ्यावरच्या हजेरीच्या कागदावर सही करतात आणि मुलं मला काढून नेऊन माझ्यावर चित्रं काढतात. परवा एकाने माझा फुगलेला कोपरा चावून पाहिला. त्याला चव आवडली नसावी. इतकं चैतन्य मी कुठल्याही परीक्षेच्या वर्गात पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यावर कुणी काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचा. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही काहीही मोजायला निघालात, तर जे दारात उभं राहून उत्तर देतात त्यांना मोजाच, पण जे भेटले नाहीत ते कुठे गेले असतील हेही विचारा आणि त्यांच्याकडे पुन्हा जा.

गल्ली सहामधल्या त्या नवव्या घराला आजही सकाळी पावणेसातला कुलूप लागतं. आत कुणी नसतं.